शक्तिमान आधी ट्रक होता

जबलपूरहून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि पलटणी यांविषयी बोलतो. आजचा विषय वरवर पाहता पोराटोरांचा वाटेल, पण तो इतिहासाचाच आहे. आज बोलायचं आहे कॉमिक्समधल्या वीरांविषयी. त्यातही एका विशिष्ट प्रकाराविषयी. मूळ नायक मागे राहतो, आणि त्याचं नाव घेऊन आलेला वारस किंवा त्याच्या गोष्टीतून फुटलेली फांदी त्याच्याहून मोठी होते. असं का होतं? आणि झालं तर मूळ नायकाचं काय होतं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या जबलपूरमध्येच आहे. 'शक्तिमान' हा शब्द उच्चारून पाहा. ज्यांचं बालपण नव्वदीच्या दशकात गेलं, त्यांच्या डोळ्यांसमोर गरगर फिरत आकाशात उडणारा मुकेश खन्ना येईल. पण आमच्या शहरातल्या जुन्या माणसाला, आणि माझ्यासारख्या कुठल्याही फौजी माणसाला, आधी आठवतो तो ट्रक. हिरवा, जाडजूड, घाटात घुमणारा शक्तिमान ट्रक.

त्या ट्रकचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४७ नंतर आपल्या फौजेकडे गाड्या होत्या त्या बहुतेक महायुद्धातल्या उरलेल्या. सुटे भाग मिळायचे नाहीत. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, फौजेच्या गाड्या आपल्याच आयुध कारखान्यांत तयार करायच्या, असं ठरलं. जर्मनीच्या 'मान' कंपनीशी करार झाला आणि १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान तयार होऊ लागला. ही फॅक्टरी १९०४ सालची, तोफांचे गाडे बनवणारी. पुढे १९६९ मध्ये खास गाड्यांसाठी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमानचं काम तिकडे गेलं. 'शक्तिमान' या नावाच्या शेवटी 'मान' आहे, हा मेळही गमतीचा. याच शहरात जोंगा नावाची गाडीही बनली. तिच्या नावातलं पहिलं अक्षर जबलपूरचं.

शक्तिमाननं १९६५ पाहिलं, १९७१ पाहिलं. लडाखच्या रस्त्यांवर रेशन नेलं, राजस्थानच्या वाळूत जवान नेले, पुरात अडकलेली माणसं बाहेर काढली. माझ्या नोकरीतली कित्येक वर्षं त्याच्या मागच्या फळीवर आणि पुढच्या सीटवर गेली. त्याची सीट आरामाची होती असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पण तो पोचायचा.

१९९६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आणि १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हा दात पुढे आलेला, भांबावलेला छायाचित्रकार आणि त्याच्या आत दडलेला महावीर. ही मालिका २००५ पर्यंत चालली. ट्रकवरून मालिकेनं नाव उचललं, असं मी म्हणत नाही. शब्द संस्कृत आहे, सगळ्यांचा आहे. पण व्हायचं ते झालं. सदतीस वर्षं देश वाहून नेणाऱ्या गाडीचं नाव काही महिन्यांत दुसऱ्याचं झालं. पुढे इथल्या एका शाळकरी मुलानं जुना शक्तिमान ट्रक पाहून मला विचारलं, "अंकल, या ट्रकला टीव्हीतल्या शक्तिमानचं नाव दिलंय का?" मी हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. वारस एवढा मोठा झाला होता की मूळ पुरुषच त्याची नक्कल वाटू लागला होता.

आता हा धागा धरून कॉमिक्सकडे जाऊ.

कॉमिक्समध्ये मूळ नायकाला मागे टाकणारे दोन प्रकारचे असतात. फौजेच्या भाषेत सांगतो. पहिला प्रकार म्हणजे नवा सीओ. पलटण तीच, झेंडा तोच, खुर्ची तीच, फक्त माणूस बदलला. हा वारस. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या पलटणीतून काही माणसं काढून नवी पलटण उभी करणं. सुरुवातीला तिला सगळे 'त्यांच्यातलीच' म्हणतात. मग एखाद्या लढाईत ती असं काही करून दाखवते की लोक आधी तिचं नाव घेतात. ही शाखा.

वारसाचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं 'फ्लॅश'. विजेच्या वेगानं धावणारा हा नायक १९४० मध्ये आला. तेव्हा त्याचं नाव जे गॅरिक. महायुद्ध संपल्यावर अशा वीरांची लाट ओसरली आणि हा फ्लॅश बंद पडला. १९५६ मध्ये त्याच नावाचा नवा फ्लॅश आला, बॅरी अ‍ॅलन. पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा. गंमत अशी की हा नवा फ्लॅश आपल्या गोष्टीत जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचताना दाखवला आहे. म्हणजे वारस मूळ पुरुषाचा वाचक होता! नवा फ्लॅश इतका चालला की अमेरिकेतल्या सुपरहिरोंचं दुसरं युग त्याच्यापासून मोजतात. आणि मग १९६१ मध्ये नव्या फ्लॅशची जुन्या फ्लॅशशी भेट घडवली गेली. म्हणजे वारस मोठा झाला म्हणून म्हातारा पुन्हा मैदानात आला. पुढे १९८५ मध्ये बॅरी मेला आणि त्याचा चेला वॉली वेस्ट फ्लॅश झाला. एका पिढीसाठी खरा फ्लॅश तोच.

शाखेचं उदाहरण वुल्व्हरिन. १९७४ मध्ये हल्कच्या अंकात पाहुणा म्हणून आला, हल्कशी मारामारी केली आणि गेला. त्याच वर्षी पनिशर स्पायडरमॅनच्या अंकात खलनायकासारखा आला. हार्ली क्विन तर १९९२ मध्ये बॅटमनच्या टीव्ही कार्टूनमध्ये जोकरची मदतनीस होती. आज यांच्या नावावर स्वतःचे सिनेमे आहेत. पाहुणा घरमालकाच्या खुर्चीत बसला.

हे झालं अमेरिकेचं. पण आपल्याकडे हा खेळ ज्या नायकापासून सुरू झाला तो मुळातच वारस आहे. तो म्हणजे वेताळ.

ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'फँटम' सुरू केला. गोष्ट अशी की १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून एक माणूस वाचतो, किनाऱ्याला लागतो आणि कवटीवर हात ठेवून शपथ घेतो: अन्यायाशी लढेन, आणि माझ्यामागून माझी मुलंबाळं लढतील. मग बापामागून मुलगा, मुलामागून नातू, तोच मुखवटा, तीच अंगठी. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या तो एकविसावा. आधीच्या वीसजणांपैकी एकाचंही नाव बहुतेक वाचकांना सांगता येणार नाही. एकविसाव्यानं सगळ्या पूर्वजांना झाकून टाकलं. पण पूर्वजांनी नेमकं हेच मागितलं होतं. नाव राहावं, माणूस दिसू नये.

भारतात मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियानं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांत अंक निघाले. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव 'बंगाल'शी मिळतंजुळतं होतं, ते बदलून 'डेंकाली' केलं. 'सिंग' नावाचे चाचे होते, त्यांचे 'सिंगा' झाले. नकाशा बदलला, नावं बदलली आणि परदेशी माणूस आपल्या घरात शिरला.

पण मराठीत त्याला जे नाव मिळालं ते नकाशापेक्षा मोठं ठरलं. वेताळ! कोकणात, गोव्यात, देशावर गावोगाव वेताळाची ठाणी आहेत. भुतांचा राजा, गावाचा राखणदार, रात्री पालखी घेऊन फिरणारा. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. 'वेताळ पंचविशी' घराघरांत ठाऊक. म्हणजे अमेरिकन फँटमला मराठीत येताच शेकडो वर्षांचा वारसा फुकटात मिळाला. भुताचं नाव, जंगलातलं ठाणं, दुष्टांना शिक्षा, गरिबांचा राखणदार. सगळं जुळलं. आणि मग तेच झालं जे शक्तिमानचं झालं. सत्तरीच्या दशकातल्या शहरी पोराला वेताळ म्हटलं की शेंदूर फासलेला दगड आठवत नसे, काळी पट्टी बांधलेला घोडेस्वार आठवे. मूळ वेताळ मात्र याची पर्वा न करता आपल्या ठाण्यावर बसून राहिला. त्याचे भक्त आजही त्याला नारळ देतात. फँटमचे अंक मात्र रद्दीत गेले. कोण टिकलं, तुम्हीच ठरवा.

जबलपूरपर्यंत हे अंक कसे यायचे हेही सांगायला हवं. १८७० मध्ये मुंबईहून येणारी आणि कलकत्त्याहून येणारी रेल्वे जबलपूरला जोडली गेली. मुंबई-हावडा मेल इथूनच जाते. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात हिंदी-इंग्रजी अंक सहज मिळायचे. मराठी अंक मिळवावे लागायचे. नागपूरला, पुण्याला जाणारा कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या पिशवीतून यायचे. इथं मराठी घरं काही थोडीथोडकी नव्हती. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, हायकोर्ट इथं आलं, आणि नागपूरची बरीच वकील मंडळीही आली. रेल्वे, कारखाने, छावणी, शाळा-कॉलेजं, सगळीकडे मराठी माणसं. त्या घरांतली मुलं बाहेर हिंदीत 'वेताल' वाचायची आणि घरी आईला मराठीत गोष्ट सांगायची. एका 'ळ'चा फरक. पण हिंदी मुलखात वाढलेल्या मराठी मुलाची सगळी कहाणी त्या एका अक्षरात आहे.

आता शाखांकडे वळू. इंद्रजालच्या झाडाला दोन मोठ्या फांद्या फुटल्या.

पहिली फांदी 'बहादुर'. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये पहिल्यांदा एक भारतीय नायक आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. भगवा कुर्ता, जीन्स आणि बेदरकार चाल. बहादुर हा डाकूचा मुलगा. त्याचा बाप पोलिसांच्या गोळीला बळी पडतो आणि ज्याच्या हातून तो मेला तोच पोलीस अधिकारी विशाल त्या मुलाला समजावतो, घडवतो. सूड घ्यायला निघालेला मुलगा पुढे गावकऱ्यांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल उभारतो आणि डाकूंशी लढतो. वेताळ बापाचा वारसा पुढे नेतो. बहादुर बापाचा वारसा नाकारतो. एकाच मासिकात हे दोघे शेजारी राहत होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

ही गोष्ट हवेतून आली नव्हती. आमच्या राज्यात चंबळच्या खोऱ्यात हे प्रत्यक्ष घडलं होतं. डाकू मानसिंह १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता. तिथून त्यानं विनोबांना पत्र लिहिलं. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंह यांना मध्यस्थ केलं आणि १९६० च्या मे महिन्यात डाकूंच्या एका गटानं भिंड-मुरैना भागात शस्त्रं खाली ठेवली. एक मराठी संत, एक निवृत्त जनरल आणि एका डाकूचा मुलगा, असं ते त्रिकूट. तहसीलदारसिंहाची फाशी पुढे टळली. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शेकडो डाकूंनी आत्मसमर्पण केलं. चार वर्षांनी बहादुर आला. सांगायचा मुद्दा हा की बहादुरला आपल्या मातीतला प्रश्न मिळाला होता. डेंकाली कुणी पाहिलं नव्हतं. चंबळ आमच्या वर्तमानपत्रात रोज होतं.

तरीही बहादुर टिकला नाही. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं आणि बहादुरचं घर गेलं. वेताळ मात्र गेला नाही. त्याचे हक्क अमेरिकेतल्या सिंडिकेटकडे होते. तो दुसऱ्या प्रकाशनाकडे गेला, डायमंड कॉमिक्समध्ये दिसू लागला. फौजी माणूस याला रसद म्हणतो. शौर्य कितीही असू द्या, मागून दाणापाणी आणि दारूगोळा येणार नसेल तर चौकी सोडावी लागते.

दुसऱ्या फांदीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. इंद्रजालच्या उभारणीत टाइम्समधले एक अधिकारी होते, अनंत पै. जन्म कारकळचा, कर्मभूमी मुंबई. ते सांगत असत की १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवर मुलांची प्रश्नमंजूषा चालू होती. मुलांनी ग्रीक देवांविषयीचं उत्तर पटकन दिलं, पण रामाच्या आईचं नाव त्यांना सांगता येईना. त्यातून 'अमर चित्र कथा' उभी राहिली. प्रकाशक इंडिया बुक हाउस. आता एक बारीक गोष्ट बघा. अमर चित्र कथेचा 'कृष्ण' हा अंक पहिला मानतात, पण त्याच्यावर आकडा आहे ११. आधीचे दहा कुठं गेले? ते होते सिंड्रेला, स्नो व्हाइट, पिनोकिओ अशा परदेशी कथांचे. अकराव्यानं पहिल्या दहांना इतकं झाकलं की लोक मोजणीच अकरापासून करतात. वेताळाच्या घराण्यात एकविसावा, आणि इथं अकरावा.

पुढे नोव्हेंबर १९८० मध्ये याच अनंत पैंनी 'टिंकल' सुरू केलं आणि मुलांचे ते 'अंकल पै' झाले. म्हणजे एकाच माणसाच्या हातून तीन पिढ्या झाल्या. इंद्रजाल, त्यातून अमर चित्र कथा, त्यातून टिंकल. इंद्रजाल बंद पडलं, बाकी दोन टिकली.

मंडळी, आता आपल्याला अभिमानाची आणि थोडी बोचरी वाटेल अशी गोष्ट. या सगळ्या कामात मराठी हात कुठं होते? जवळजवळ सगळीकडे. 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची. टिंकलमधला बावळट, लाडका सुपंदी त्यांच्याच कुंचल्यातून उतरला. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. आणि पुण्याचे प्रताप मुळीक! अमर चित्र कथेचे कितीतरी अंक त्यांनी रंगवले. त्याच मुळीकांनी १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज कागदावर उतरवला आणि १९९५ पर्यंत त्याची बरीचशी चित्रं काढली. संजय अष्टपुत्रे, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे ही मंडळीही त्या कामात होती.

नागराज हा हिंदीतला सगळ्यात मोठा सुपरहिरो. प्रोफेसर नागमणीनं दहशतवादाचं हत्यार म्हणून त्याला तयार केलं आणि बाबा गोरखनाथांनी त्याला त्या गुलामीतून सोडवलं. मराठी वाचकाला गोरखनाथ नवा नाही, नवनाथांच्या पोथीतून तो घरी येतो. पुण्यातल्या चित्रकारानं नाथ संप्रदायाच्या गुरूच्या कृपेनं सुटलेला नायक काढला आणि तो उत्तर हिंदुस्थानभर गाजला. मग १९८७ मध्ये अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आला. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला, डोक्यानं लढणारा. पुष्कळ वाचकांच्या मनात धाकट्या ध्रुवानं थोरल्या नागराजला मागे टाकलं. पुढे डोगा आला, कुत्र्याचा मुखवटा घातलेला, मुंबईच्या गल्ल्यांत फिरणारा, डाकूच्या हाताखाली वाढलेला. बहादुर गेला, पण डाकूच्या घरातून बाहेर पडणाऱ्या मुलाची गोष्ट पुन्हा जन्माला आली.

बोच ही की हे सगळे नायक मराठी हातांनी घडवले, पण हिंदी-इंग्रजी घरांत वाढले. मराठीत ते आले तेव्हा भाषांतर होऊन आले. आपला स्वतःचा, दीर्घकाळ चाललेला सुपरहिरो मराठी कॉमिक्समध्ये उभा राहिला नाही. पुस्तकांत मात्र आपल्याकडे फुरसुंगीचा बनेश फेणे आहे. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. टीव्हीवर सुमीत राघवन, मग २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ. माणूस बदलला, नाव राहिलं, आणि ते नाव मराठीत राहिलं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही.

अगदी ताजं उदाहरण घ्या. २००४ मध्ये 'स्पायडरमॅन: इंडिया' नावाची छोटी कॉमिक मालिका निघाली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांची. नायक पवित्र प्रभाकर, मुंबईत राहणारा मुलगा. त्याला कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. काही अंकांनंतर ती मालिका संपली आणि विसरली गेली. दरम्यान अमेरिकेत २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा काळ्या वर्णाचा, लॅटिन वंशाचा मुलगा नवा स्पायडरमॅन झाला. त्याच्या २०१८ च्या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं. २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि त्यात आपला पवित्र प्रभाकर दिमाखात परतला. भारतात तो सिनेमा दहा भाषांत लागला. त्यात मराठीही होती. मुंबईचा कोळीमानव एकोणीस वर्षांनी मराठी बोलला. मूळ पीटर पार्करला तो मागे टाकेल की नाही, माहीत नाही. पण एका वारसाच्या सिनेमानं दुसऱ्या विसरलेल्या वारसाला हात देऊन वर काढलं, हे महत्त्वाचं.

या सगळ्यातून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. नुसता मुखवटा चढवून कुणी मूळ नायकापेक्षा मोठा होत नाही. वारसाला स्वतःची जमीन लागते. बहादुरला चंबळ मिळालं, डोगाला मुंबई, माइल्सला ब्रुकलिन. ज्यांना फक्त कपडे मिळाले ते चार अंकांत गेले. अशांची संख्या खूप मोठी आहे, ते आपल्याला आठवत नाहीत एवढंच.

दुसरी. वारस मूळ नायकाची एखादी उणीव भरून काढतो. वेताळ आपल्या देशातला नव्हता, बहादुर होता. नागराजकडे शक्ती फार होती, ध्रुवकडे नव्हती म्हणून मुलांना तो जवळचा वाटला. इतिहासातही हेच दिसतं. आमच्या जबलपूरच्या परिसरातलं गढा-मंडला राज्य संग्रामशाहानं वाढवलं. बावन्न गढांचा तो धनी. पण आज इथं विद्यापीठ कुणाच्या नावाचं आहे? राणी दुर्गावतीचं. ती त्याची सून. १५६४ मध्ये आसफखानाच्या फौजेशी लढता लढता तिनं देह ठेवला. राज्य सासऱ्यानं वाढवलं, नाव सुनेनं अमर केलं. अमर चित्र कथेतही अंक राणी दुर्गावतीवर आहे.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे. जबलपूरमध्ये ग्रेनेडियर्सचं केंद्र आहे. १९६५ मध्ये खेमकरण भागात पाकिस्तानी रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद ग्रेनेडियर्सचे. १९७१ मध्ये होशियारसिंह. १९९९ मध्ये टायगर हिलवर योगेंद्रसिंह यादव. तिघेही परमवीर. आजच्या मुलांना यादव जास्त ठाऊक आहेत, कारण कारगिल टीव्हीवर दिसलं. पण रेजिमेंटमध्ये कुणी म्हणत नाही की यादवांनी हमीदना झाकलं. तिथं तिन्ही नावं एका दमात घेतात. नवा रंगरूट भरती झाला की त्याला सगळी नावं पाठ करावी लागतात. म्हणून तिथं नव्याच्या तेजानं जुना अंधारात जात नाही.

कॉमिक्सच्या दुनियेत, आणि आपल्या घरांत, ही पाठांतराची सोय नाही. म्हणून वारस मोठा झाला की मूळ पुरुष हरवतो. सुपंदी सगळ्यांना ठाऊक, राम वाईरकर किती जणांना? नागराज ठाऊक, प्रताप मुळीक? शक्तिमान ठाऊक, पण तो ट्रक जोडणारे, जबलपूरच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळ्या करणारे कामगार? त्यांच्यात मराठी, बंगाली, तेलुगू, हिंदी बोलणारे सगळे होते. शहराच्या कितीतरी वस्त्या त्यांच्या पगारावर उभ्या राहिल्या.

वारसानं मोठं व्हावं यात वाईट काही नाही. वेताळाच्या शपथेचा अर्थच तो आहे. बाप ज्याला खुर्ची देतो त्यानं आपल्यापेक्षा मोठं व्हावं, ही बापाचीच इच्छा असते. पण खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आधीच्यांच्या नावांचा फळा लागतो. प्रत्येक युनिटमध्ये असतो, पहिल्या सीओपासून आजच्यापर्यंत. नवा सीओ खुर्चीत बसतो तेव्हा तो फळा त्याच्या पाठीमागे असतो. त्याला तो दिसत नाही. समोर उभ्या असलेल्यांना दिसतो. आपण वाचक म्हणजे समोर उभे असलेले लोक आहोत.

म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना, जबलपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथं कुठं असाल तिथल्यांना, एक विनंती. घरच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत इंद्रजालचे किंवा अमर चित्र कथेचे मराठी अंक असतील तर रद्दीत देऊ नका. नातवंडांना दाखवा. ती हिंदीत किंवा इंग्रजीत वाचत असतील, वाचू द्या. फक्त एवढं सांगा की त्यांच्या आवडत्या नायकाच्या आधी कोण होतं, चित्र कुणी काढलं आणि आपण त्याला 'ळ' लावून हाक मारायचो. आणि कधी जबलपूरला आलात, जुना शक्तिमान उभा दिसला, तर त्याच्या पत्र्यावर एकदा हात ठेवा. तो उडायचा नाही. पण पोचायचा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.